काळी चार

"आत कुणाला झोपवलंय ताई? माणूस असंल तर फुल तिकीट लागंल."

तासगाव-मिरज एसटीच्या कंडक्टरनं गिटारीच्या पेटीवर टिचकी मारली. मागच्या बाकावरची माणसं हसली. मी पेटी गुडघ्यांत घट्ट धरली आणि माझं एकटीचं तिकीट घेतलं. गिटार अण्णांची होती, म्हणजे माझ्या वडिलांची. 'दुरुस्तीला नेते' एवढंच मी त्यांना सांगितलं होतं. कुठं, ते सांगितलं नव्हतं.

मिरजेत सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत एका कारखान्यात माझा थोरला भाऊ मुकुंद काम करायचा. मी गेले तेव्हा तो सतारीच्या भोपळ्यावर काचपेपर मारत होता. मला पाहून हसला, मग त्याची नजर पेटीवर गेली आणि हात थांबले.

"कुणाला विचारून आणलीस?"

"अण्णांना."

"माझ्याकडं?"

"नाही."

त्यानं हात पुसले, पण पेटीला हात लावला नाही. "मग घेऊन जा परत."

"दादा, ऐकून तरी घे."

आमच्या घरी काय झालं होतं ते सगळ्या तासगावला माहीत होतं. अण्णांचा 'नादमधुर' नावाचा ऑर्केस्ट्रा होता. अण्णा गिटार वाजवायचे, आई गायची, दादा ढोलकी सांभाळायचा आणि टेम्पोही चालवायचा. जतकडच्या एका यात्रेतला कार्यक्रम करून परत येताना पहाटेला दादाचा डोळा लागला. टेम्पो ओढ्यावरच्या पुलाचा कठडा तोडून खाली गेला. आई पुढं दादाच्या शेजारी बसली होती. मागं वाद्यांबरोबर बसलेले अण्णा आणि बाकीचे लोक खरचटण्यावर निभावले. आई जागच्या जागी गेली.

तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर अण्णा दारात उभे राहिले आणि दादाला म्हणाले, "माझ्या उंबऱ्याच्या आत तुझा पाय दिसता कामा नये." दादानं एक शब्द काढला नाही. पिशवी भरली आणि गेला. त्यानंतर अण्णांनी त्याचं नाव घेतलं नाही, ऑर्केस्ट्रा मोडला, आणि वर्षं गेली. मग एका सकाळी मोरीतून येताना अण्णा कोसळले. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका आला तर सांगता येणार नाही.

मला एकच गोष्ट हवी होती. तो दुसरा झटका यायच्या आधी दादानं एकदा तो उंबरा ओलांडावा आणि अण्णांनी त्याला येऊ द्यावं.

"दिवसभर भिंतीकडं तोंड करून असतात," मी दादाला सांगितलं. "जेवण भरवलं तर तोंड मिटून घेतात. पण डावा हात गोधडीवर सारखा चालू असतो. आधी वाटलं, गोधडी चाचपतात. मग लक्षात आलं, कॉर्ड धरतात."

दादा खाली बघत राहिला.

"एका हाताची गिटार करता येईल का, तेवढं सांग. दुसरं काही मागत नाही."

कारखान्याचे मालक मेहबूबचाचा कोपऱ्यात खुंट्या तासत बसले होते. ते तिथूनच म्हणाले, "बेटी, गिटार म्हणजे नवराबायकोचा संसार. डाव्यानं दाबायचं, उजव्यानं छेडायचं. एकटा डावा काय करील?"

"एकट्याचा पण संसार असतो की चाचा," दादा म्हणाला.

"तू मला नको शिकवू. तुझं लग्न झालं का आधी?"

दादा हसला आणि त्यानं पेटी उघडली. गिटार मांडीवर आडवी घेतली, पोटावरून तळवा फिरवला, वाकून भोकातून आत पाहिलं. मग भिंतीवर टांगलेल्या स्वरमंडळाकडं बघत राहिला.

"त्याला कुठं दुसरा हात लागतो?" तो म्हणाला. "एक तार, एक सूर. दाबायची भानगडच नाही."

"सहा तारांत काय वाजवणार?" चाचांनी विचारलं.

"सहा कशाला? मानेच्या कडेनं सतारीसारख्या खुंट्या बसवतो. वरच्या सुरांच्या तारा आखूड लागतील, त्यांना टेकायला मध्ये वेगळ्या घोड्या देतो. जाड तार डाव्या हाताला जवळ पडंल अशी सगळी उलटी मांडायची. समोर पाटावर ठेवली की झालं."

"पोट फुटंल तिचं एवढ्या ताणानं."

"आतून पट्ट्या मारतो."

चाचा उठून आले, गिटार उचलून कानाशी धरली आणि बोटानं ठोकली. "चांगलं लाकूड आहे. बिघडवू नको म्हणजे झालं."

निघताना दादा एसटी स्टँडपर्यंत आला. "मी केली म्हणून सांगू नको," तो म्हणाला. "सांगलीला दुकानात केली म्हण."

"आणि त्यांना आवडली तर?"

"तर वाजवतील."

"तेव्हा सांगेन."

"शैले, तू पुस्तकं फार वाचतीस," दादा म्हणाला. मी तासगावच्या वाचनालयात कामाला होते, त्यावरून तो मला नेहमीच टोमणा मारायचा. "पुस्तकात शेवटच्या पानावर माणसं रडतात आणि गळ्यात पडतात. अण्णा तसले नाहीत."

गिटार परत आली तेव्हा ओळखू येईना. मानेच्या एका अंगाला काळसर लाकडाच्या खुंट्यांची रांग उभी होती, पोटावर लहानमोठ्या घोड्या होत्या आणि तारा तिरक्या पसरल्या होत्या. गळ्यात दागिने घातलेल्या म्हातारीसारखी दिसत होती. मी अण्णांना उशांच्या आधारानं बसवलं, समोर पाट ठेवला आणि त्यावर गिटार आडवी ठेवली.

"सांगलीला करून घेतली," मी म्हणाले. "एका हातानं वाजते म्हणतात."

अण्णांनी गिटारीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. डावा हात उचलला आणि अंगठ्यानं पहिली तार छेडली. ती विझेपर्यंत थांबले. दुसरी छेडली. मग सगळ्या तारांवरून हळूच अंगठा ओढत नेला. सूर खोलीभर पसरले, आणि अण्णांचा हात हवेतच राहिला. त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत. आता गिटार ढकलून देणार, असं मला वाटलं.

त्यांनी खुंट्यांवरून एकेक करून बोटं फिरवली. मग पुन्हा पहिल्या तारेवर आले आणि वाजवायला लागले.

पहिल्या दिवशी नुसतीच सरगम झाली, तीही अडखळत. पण त्या दिवशी त्यांनी जेवणाला तोंड उघडलं. पुढं गाणी यायला लागली. यात्रेत सगळ्यात आधी व्हायची ती गवळण, लग्नात नवरी निघताना वाजायचं ते. समोरच्या पाटीलकाकू दळणाचा डबा घेऊन जाता जाता दारात थांबायच्या आणि म्हणायच्या, "अण्णा, ते नवरीचं नका वाजवू बाई, माझी सुमी आठवती." अण्णा मुद्दाम तेच वाजवायचे. चेहऱ्याच्या चालणाऱ्या अर्ध्या बाजूनं हसायचे. मी दारामागं उभी राहून ऐकायची आणि दादाला काय काय सांगायचं ते मनात जुळवत बसायची.

एकच खोड होती. वरच्या सुरांच्या तारा टिकायच्या नाहीत. दादानं जादा दिलेल्या संपल्या तशी मी पुढच्या आळीतल्या शिरगुप्पे मास्तरांना बोलावलं. ते पोरांना पेटी आणि गिटार शिकवायचे. मास्तरांनी पाटाशी बसून तारा तपासल्या.

"कुणी लावलीय ही? केवढी वर चढवलीय! तार तुटंल नाहीतर काय होईल? दोन पट्ट्या खाली घेतो अण्णा, मग बघा, वर्षभर काही होणार नाही."

त्यांनी पहिली खुंटी पिळायला घेतली आणि अण्णांनी त्यांचं मनगट धरलं.

"अं!"

"अहो, थोडी ढिली करतोय फक्त."

"अं! अं!" अण्णांनी त्यांचा हात झटकून दिला. मास्तर माझ्याकडं बघायला लागले. "बरं, राहू दे," असं म्हणून चहा न घेताच गेले.

अण्णांनी पाटावरची गिटार माझ्याकडं ढकलली.

"काय करू? जिथून आणली तिथं नेऊ?"

त्यांनी मान हलवली. हो.

"सांगलीला?"

नाही.

अण्णा माझ्याकडं बघत होते आणि त्यांची नजर हलत नव्हती.

"मिरजेला?" मी विचारलं.

त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. हो.

"अण्णा, तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

मी दुसऱ्याच दिवशी गिटार घेऊन मिरजेला गेले. सगळं सांगितलं तसा दादा हातातलं काम टाकून उठला आणि गल्लीत जाऊन उभा राहिला. मी मागोमाग गेले.

"कशावरून ओळखलं असेल रे?"

"कुठल्या पट्टीत लावलीय ठाऊक आहे तुला?" दादानं विचारलं.

मला गाण्यातलं काही कळत नाही. घरात मीच एक तशी निघाले.

"काळी चार. आईची पट्टी." तो पुढं म्हणाला, "आपल्याकडचं प्रत्येक वाद्य काळी चारलाच लागायचं, आईसाठी. ढोलकीसुद्धा. गिटारीला ते सोसायचं नाही, अण्णा रोज तारा तुटल्या म्हणून कावायचे, पण पट्टी खाली घ्यायचे नाहीत. मी डोक्यानं लावलीच नाही शैले, हातानं लावत गेलो. चाचा ओरडत होते, खाली घे, खाली घे. माझं आपलं चालूच. लावून झाल्यावर लक्षात आलं."

"मग उतरवली का नाहीस?"

त्यानं हाताला लागलेला भुसा झटकला.

"म्हणजे पहिल्या दिवसापासून माहीत होतं त्यांना," मी म्हणाले. "माहीत असून वाजवत राहिले. दादा, आता तू चल."

"नको."

"शिरगुप्प्यांचा हात झटकला त्यांनी. तुझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाहीत गिटारीला. आणखी काय बोलायला पाहिजे त्यांनी?"

मेहबूबचाचा दारात येऊन उभे राहिले होते. "जा बेटा," ते म्हणाले. "बापाच्या दारात जायला मुहूर्त नको."

दादानं तारा बदलून दिल्या आणि रविवारी येतो म्हणाला.

रविवारी दुपारी अण्णा वाजवत बसले होते. फाटकाची कडी वाजली तेव्हा मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. दादानं इस्त्रीचा शर्ट घातला होता, केसांना पाणी लावून भांग पाडला होता. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या नव्या तारा होत्या. त्यानं चपला पायरीवर काढल्या, चौकटीला हात लावला आणि एक पाय आत टाकला.

अण्णांनी वर पाहिलं. तारांवर तळवा आडवा ठेवला आणि सूर मिटले.

"अण्णा, दादा आलाय," मी म्हणाले.

हात हलला नाही. चेहऱ्यावर राग नव्हता. राग मला ओळखता आला असता, तो मी लहानपणापासून बघत आले होते. ते दादाकडं बघतसुद्धा नव्हते. खाली, स्वतःच्या हाताकडं बघत होते.

"अण्णा, तुम्हीच म्हणालात ना, मिरजेला ने म्हणून? त्यानंच केलीय ना ही? मग?"

पंखा फिरत होता. दादा एक पाय आत आणि एक पाय बाहेर असा उभा होता. मग त्यानं वर्तमानपत्राची गुंडाळी उंबऱ्याच्या आतल्या बाजूला ठेवली, पाय मागं घेतला आणि चपला घालून निघून गेला. फाटकाची कडी लागल्याचा आवाज आला. अण्णांनी तारांवरचा हात उचलला. थोडं थांबून, जिथं सोडलं होतं तिथून पुढं वाजवायला लागले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तशीच बाहेर पळत गेले. दादा लांब गेला नव्हता. आमच्या खिडकीच्या अंगाला, पाटीलकाकूंच्या कट्ट्यावर बसला होता.

"माणूस आहे की दगड!" मी म्हणाले. "अजून किती शिक्षा करणार आहेत तुला?"

"मला नाही करत," दादा म्हणाला.

"मग कुणाला?"

तो खिडकीकडं कान देऊन होता. आतून ती गवळण ऐकू येत होती. "त्या रात्री कार्यक्रम संपल्यावर मी अण्णांना म्हटलं होतं, तासभर पडतो आणि मग निघू. लागोपाठ यात्रा झाल्या होत्या, डोळ्यांवर झापड होती. अण्णा म्हणाले, घरी जाऊन काय झोपायचं ते झोप. आई म्हणाली, पडू द्या की पोराला थोडा वेळ. तर तिच्यावर खेकसले. म्हणाले, तू गप गाडीत बस."

मी त्याच्याकडं बघत राहिले.

"ती बसली," दादा म्हणाला.

"हे तू कुणालाच सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? गाडी माझ्या हातात होती, झोप मला लागली. त्यात खोटं काय आहे?"

"पण त्यांनी तुला घराबाहेर काढलं, दादा. तेराव्याला."

"मी समोर आलो की त्यांना ते ऐकू येतं, शैले. मी तोंड उघडलं नाही तरी ऐकू येतं. घरात कसं राहू देतील मला?" त्यानं कपाळावरून हात फिरवला. "जा तू आत. एकटे आहेत ते."

मी आत गेले. अण्णा वाजवत होते. मी त्यांच्यासमोर बसले. ज्या माणसाला उत्तर देता येत नाही त्याला काय विचारायचं?

त्यानंतर दादा बहुतेक रविवारी यायचा. दाराशी नाही, समोरच्या कट्ट्यावर. पाटीलकाकू त्याला चहा द्यायच्या आणि स्वतःशी काहीतरी पुटपुटत आत जायच्या. तार तुटली असली तर मी गिटार उचलून कट्ट्यावर न्यायची. दादा तार चढवायचा, खुंटी पिळत कानाशी नेऊन लावायचा, आणि मी ती परत आणून पाटावर ठेवायची. तोवर अण्णा हात मांडीवर ठेवून वाट बघत असायचे. एकदा वारं सुटलं म्हणून मी खिडकी लावायला गेले, तर पाठीमागून "अं!" आलं. मी खिडकी उघडी ठेवली. दोघांच्या मध्ये एक भिंत आणि एक बोळ होता. त्यापलीकडं दोघांपैकी कुणीच काही मागितलं नाही. मी मात्र शेवटपर्यंत आशेवर होते. प्रत्येक रविवारी मी दार सताड उघडून ठेवायची.

अण्णा थंडीच्या दिवसांत गेले. सकाळी मी चहा घेऊन गेले तर उशीवर मान कलंडलेली होती. पाटीलकाकूंच्या मुलानं मिरजेला फोन केला.

दादा आला तेव्हा अंगणात माणसं जमली होती. त्यांनी बाजूला होऊन त्याला वाट करून दिली. तो पायरीपर्यंत आला आणि थांबला. आत अण्णांना जमिनीवर घेतलं होतं, उशाशी दिवा होता. तो जिथं उभा होता तिथून फक्त त्यांचे पाय दिसत असतील.

मी बाहेर आले. "चल आत."

त्यानं मानेनंच नको म्हटलं.

"दादा, आता कोण अडवणार आहे तुला?"

"म्हणूनच," तो म्हणाला.

तो अंगणात निंबाच्या बुंध्याशी जाऊन उभा राहिला. सगळं होईपर्यंत तिथून हलला नाही. बायका कुजबुजत होत्या. अण्णांचे चुलतभाऊ भाऊकाका दोनदा त्याच्याजवळ जाऊन आले. तिरडी बांधून झाली. मग चौघांनी अण्णांना उचललं, उंबऱ्यावरून बाहेर आणलं आणि अंगणात तिरडीवर ठेवलं.

भाऊकाकांनी विस्तवाचं मडकं पुढं केलं. "मुकुंदा, धर. थोरला आहेस तू. झालं गेलं गंगेला मिळालं."

"शैला धरेल," दादा म्हणाला.

"अरे, मुलगा असताना पोरीनं धरायचं?"

"तिनं सांभाळलं त्यांना. मी खांदा देतो."

भाऊकाका काहीतरी बोलणार होते, पण मी पुढं होऊन मडकं घेतलं. ते चांगलंच तापलेलं होतं. पदरानं धरून मी तिरडीच्या पुढं जाऊन उभी राहिले.

दादा अण्णांशेजारी बसला. आई गेली त्या वर्षानंतर पहिल्यांदाच तो त्यांना इतक्या जवळून बघत होता. चेहऱ्याकडं त्यानं फार वेळ पाहिलं नाही. चादरीखालून त्यांचा डावा हात काढला आणि आपल्या हातात घेतला. बोटांची टोकं चाचपली. तिथं तारा दाबून दाबून पडलेले जुने घट्टे होते, ते त्याला लहानपणापासून माहीत होते. मग त्यानं अंगठा उलटा केला. अंगठ्याच्या कडेवर, जिथं तार छेडताना घासते तिथं, दुसरा एक घट्टा होता. कातडी पिवळी, जाड आणि कडक झाली होती.

दादा त्यावरून बोट फिरवत राहिला. लोक थांबले होते.

"हा पूर्वी नव्हता," तो मला म्हणाला.

मग त्यानं हात चादरीखाली ठेवला, उठला आणि तिरडीच्या डाव्या अंगाला खांदा लावला.